घरातले नवे मशीन

मुलांनो, तुमच्या घरी कपडे कोण धुते? हा प्रश्न मी आजवर ज्या ज्या मुलाला विचारला, त्याने एका शब्दात उत्तर दिले. कोणी 'अम्मी' म्हणाले, कोणी 'आई' म्हणाले, कोणी 'आपा'. 'मी धुतो' असे म्हणणारा मुलगा मला क्वचितच भेटला. आमच्या घरीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत असेच होते. कपडे अम्मी धूत आणि माझी पत्नी त्यांना मदत करी. आम्ही घरात सहा माणसे. त्यात धाकटा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. त्याचे कपडे दिवसातून चारदा बदलावे लागत.

हाताने कपडे धुणे हे एक काम नाही, ती कामांची रांगच आहे. आधी कपडे भिजवायचे. मग साबण लावायचा. कॉलर आणि बाह्यांची टोके ब्रशने घासायची. जाड कपडा लाकडी धोपाटण्याने बडवायचा. आमच्याकडे त्या धोपाटण्याला मोगरी म्हणतात. मग कपडे स्वच्छ पाण्यात खळबळून काढायचे, एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी पिळायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. यात सर्वांत अवघड काम कोणते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? घासणे नव्हे, पिळणे. भिजलेली मोठी चादर उचलून पाहा, म्हणजे कळेल. अम्मींच्या उजव्या हाताची दोन बोटे थंडीत आखडत. चादर पिळताना त्या एक टोक मोरीच्या नळाला गुंडाळीत आणि दुसरे टोक दोन्ही हातांनी फिरवीत. त्या बोटांमुळेच आमच्या घरात वॉशिंग मशीन घ्यायचे ठरले.

मराठीत या यंत्राला 'धुलाई यंत्र' असे नाव आहे. पण तसे कोणी म्हणत नाही. तुम्हीही मशीन म्हणता, मीही मशीन म्हणतो.

मशीन घ्यायचे ठरले, पण कोणते? दुकानात तीन प्रकार दिसले. पहिल्या प्रकारात दोन भाग असतात. एका भागात कपडे घुसळले जातात. मग ते हाताने उचलून दुसऱ्या भागात टाकायचे. तिथे ते गरगर फिरून कोरडे होतात. हे मशीन स्वस्त असते आणि त्यात बादलीने पाणी ओतता येते. दुसऱ्या प्रकारात एकच मोठे पिंप असते आणि कपडे वरून टाकतात. तिसऱ्या प्रकाराला समोर गोल काचेचे दार असते. दुकानदार तिन्ही मशीनची किंमत सांगत होता. अम्मींनी त्याला किंमत विचारली नाही. त्यांनी विचारले, "पाणी किती पिते?"

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते, त्या दिवशी टाक्या आणि पिंपे भरून ठेवावी लागतात. समोर दार असलेले मशीन महाग होते, पण त्याला पाणी कमी लागते. त्याचे कारण सोपे आहे. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडावे लागतात. समोरच्या दाराच्या मशीनमध्ये ड्रम आडवा असतो. पाणी फक्त तळाशी असते. ड्रम फिरला की कपडे वर जातात आणि उंचावरून धपकन खाली पडतात. म्हणजे मोगरीचे काम इथे कपड्यांचे स्वतःचे वजनच करते. पुढे घरी मी मशीनची पाणी बाहेर टाकणारी नळी बादलीत सोडून मोजणी केली. एका धुण्याला चार बादल्या पाणी लागले. तेवढ्याच कपड्यांना अम्मींना दहा बादल्या लागत असत.

मशीन हातगाडीवरून आले. ते उचलायला तीन माणसे लागली. पत्र्याची एवढीशी पेटी इतकी जड कशी, असे माझ्या मुलाने विचारले. मुलांनो, अशा मशीनच्या पोटात मुद्दाम जड ठोकळे बसवलेले असतात. ते बहुधा काँक्रीटचे असतात, घराच्या स्लॅबचे असते तसे. ड्रम वेगाने फिरू लागला की सारे मशीन थरथरते. ते जागेवरून सरकू नये म्हणून हे वजन. कारखान्यातून घरी येईपर्यंत ड्रम हलू नये, यासाठी मागच्या बाजूला लांब बोल्टही लावलेले असतात. मशीन सुरू करण्याआधी ते काढावेच लागतात. काढले नाहीत, तर मशीन पहिल्याच दिवशी नाचू लागते आणि आतले भाग मोडू शकतात. आमचे चार बोल्ट काढून आम्ही एका पिशवीत जपून ठेवले आहेत. पुढे कधी घर बदलले, तर ते पुन्हा लागतील.

मशीन बसवायला एक तरुण मिस्त्री आला. तो चटपटीत होता. त्याने नळी जोडली, बोल्ट काढले. विजेची जोडणी त्याने नीट पाहिली. हे मशीन पाणी तापवते, तेव्हा सुमारे दोन हजार वॉट वीज घेते. पंख्याच्या किंवा मोबाइलच्या साध्या सॉकेटला ते लावता येत नाही. त्याला जाड पिनांचा सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो आणि अर्थिंग चांगले असावे लागते. पाणी आणि वीज जिथे शेजारी शेजारी असतात, तिथे अर्थिंगशिवाय काम करणे म्हणजे जिवाशी खेळ. मिस्त्रीने हे सगळे केले आणि रिकामे मशीन सुरू करून दाखवले.

ड्रम फिरू लागला. मिस्त्री म्हणाला, "झाले काम." अम्मी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बेटा, झाले नाही. याचा एक पाय उचललेला आहे."

मिस्त्री हसला. पण त्याने वाकून पाहिले, तर मागचा डावा पाय फरशीला जेमतेम टेकला होता.

हे अम्मींना कसे कळले? मालेगाव हे यंत्रमागांचे गाव आहे. अब्बा मागावर काम करीत आणि मागांची खोली आमच्या घराला लागूनच होती. अम्मींचे सारे आयुष्य त्या खटखट आवाजात गेले. कोणत्या मागाचा आवाज बिघडला, हे त्या भिंतीपलीकडून सांगत. शुक्रवारी माग बंद असत, तेव्हा शांततेमुळे त्यांना दुपारी झोप येत नसे. मशीनच्या सोबत आलेली माहितीपुस्तिका अम्मींनी उघडूनही पाहिली नव्हती. पण यंत्र समतोल उभे आहे की नाही, हे त्यांना कानांनी समजले. मग शेजारच्या गवंड्याची पाणसळ आणली. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असलेली पट्टी. ती मशीनवर ठेवून, पाय स्क्रूसारखे फिरवून, बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत मशीन सरळ केले. त्या दिवसापासून मशीनच्या आवाजाचे खाते अम्मींकडे आहे.

आता थोडे गणित करू या. माझ्या मुलीने ड्रमचा व्यास मोजला. तो अट्ठेचाळीस सेंटिमीटर भरला. म्हणजे ड्रमचा परीघ सुमारे दीड मीटर झाला. कपडे पिळताना हा ड्रम मिनिटाला १००० फेऱ्या घेतो. तुम्हीच गुणाकार करा. ड्रमच्या कडेला चिकटलेला रुमाल एका मिनिटात दीड किलोमीटर धावतो, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटर! हमरस्त्यावर धावणाऱ्या मोटारीचा हा वेग आहे. इतक्या वेगाने गोल फिरताना कपडे ड्रमच्या भिंतीवर त्यांच्या वजनाच्या अडीचशे पटींहून जास्त जोराने दाबले जातात. पाणी ड्रमच्या छिद्रांतून बाहेर निसटते, कपडे आतच राहतात. अम्मींच्या आखडलेल्या बोटांचे काम ते हे.

पण मशीन घरात आले आणि एक नवीनच प्रश्न उभा राहिला. तो पाण्याचा नव्हता आणि विजेचाही नव्हता. अम्मींनी विचारले, "कपडे साफ होतील, ते मी पाहीन. पण पाक होतील का?"

तुमच्यापैकी बहुतेकांना हा फरक ठाऊक आहे. कपडा दिसायला स्वच्छ असला, तरी नमाजसाठी तो पाक असावा लागतो. लहान मुलाचे ओले कपडे आणि नमाजचे कपडे एकाच पाण्यात फिरले, तर काय? अम्मींचा हिशोब लहानपणापासून ठरलेला होता. कपडा तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढायचा आणि प्रत्येक वेळी पिळायचा. त्या मोहल्ल्यातल्या मौलानासाहेबांकडे गेल्या. मौलानासाहेबांनी त्यांना उलट विचारले, "प्रत्येक वेळी जुने पाणी निघून जाते का? नवे पाणी येते का?" अम्मींना उत्तर माहीत नव्हते. मलाही नव्हते. पुस्तिकेत नुसते 'खळबळणे' एवढेच लिहिले होते.

मग आम्ही सगळे मशीनसमोर सतरंजी टाकून बसलो. दाराला काच होती, हे बरे झाले. आतले सारे दिसत होते. पहिले पाणी काळपट झाले आणि गेले. ड्रम जोरात फिरला. दुसरे पाणी आले, ते पांढुरके होते. तेही गेले, पुन्हा ड्रम फिरला. तिसऱ्या पाण्यात थोडा फेस होता. मुलगी वहीवर रेघा मारत होती. साबणाच्या पाण्यानंतर नवे पाणी दोनदा आले आणि मशीन थांबले. अम्मी म्हणाल्या, "एक कमी पडले." मशीनवर खळबळणे वाढवण्याचे एक बटण होते. ते दाबले की नवे पाणी आणखी एकदा येते. आता आमच्या घरी ते बटण नेहमी दाबलेले असते. धाकट्याचे घाण झालेले कपडे आधी नळाखाली हाताने धुऊन मगच मशीनमध्ये जातात.

यात एक गंमत आहे. पुढे मला कळले की ज्यांच्या त्वचेला साबणाने खाज येते, त्यांनाही डॉक्टर कपडे जास्त वेळा खळबळून काढायला सांगतात. कपड्यात साबण राहता कामा नये. अम्मींची काळजी वेगळी, डॉक्टरांची वेगळी, पण बटण एकच. त्या बटणामुळे एक बादली पाणी जास्त जाते, हे खरे. म्हणून शेवटचे पाणी आम्ही नळीतून पिंपात घेतो आणि ते संडासात व अंगण धुवायला वापरतो.

मशीन आले म्हणजे काम संपले, असे समजू नका. यंत्र हे पाळीव जनावरासारखे असते. त्याला खाऊपिऊ घालावे लागते आणि साफही ठेवावे लागते. आमच्या मशीनचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बोअरचे पाणी. नळाचे पाणी संपले की आम्ही बोअरचे पाणी टाकीत चढवतो. जमिनीतल्या खडकांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. अशा पाण्याला जड पाणी म्हणतात. तुमचे पाणी जड आहे का, हे तुम्ही घरीच पाहू शकता. त्या पाण्यात अंगाचा साबण चोळा. फेस कमी आला आणि पाण्यावर पांढरी साय आली, तर पाणी जड आहे. चहाच्या पातेल्याच्या आत पांढरा थर जमतो, तोही याच क्षारांचा.

पातेल्यातला थर आपण घासून काढू शकतो. मशीनच्या आत पाणी तापवणारी जी नळी असते, तिच्यावर हाच थर बसतो आणि तिथे आपला हात पोहोचत नाही. थर वाढला की नळीची उष्णता पाण्यात नीट जात नाही. वीज जास्त लागते आणि एके दिवशी नळी जळते. यावर उपाय किराणा दुकानात मिळतो. सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबाचे फूल. तीन महिन्यांतून एकदा आम्ही रिकाम्या ड्रममध्ये शंभर ग्रॅम लिंबाचे फूल टाकतो आणि मशीन गरम पाण्यावर चालवतो. क्षार विरघळून निघून जातात. मात्र तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत याला मनाई नाही ना, हे आधी पाहून घ्या. आणि हे करताना त्यात दुसरे काहीही मिसळू नका, विशेषतः कपडे पांढरे करण्याचे ब्लीच. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू तयार होतो.

साबणाचेही तसेच आहे. जास्त फेस म्हणजे जास्त सफाई, असे आपल्याला वाटते. या मशीनमध्ये ते खरे नाही. इथे कपडे वरून खाली आपटले पाहिजेत. खूप फेस झाला, तर कपडे उशीवर पडल्यासारखे अलगद पडतात आणि मळ निघत नाही. म्हणून या मशीनसाठी कमी फेसाची वेगळी पावडर मिळते, आणि तीही मोजूनच घालावी. आमच्या शेजारच्या घरी एका पाहुण्याने बादलीत वापरायची पावडर वाटीभर टाकली होती. मशीनच्या पावडरच्या कप्प्यातून फेस बाहेर आला आणि ओसरीपर्यंत गेला. लहान मुलांना तो दिवस फार आवडला.

कपडेही ठासून भरायचे नाहीत. भरलेल्या कपड्यांच्या वर आपला पंजा आडवा सहज गेला पाहिजे. आणि दार लावण्याआधी आत एकदा नजर टाकायचीच. आमचा धाकटा त्या वयात कुठल्याही पेटीत शिरून बसत असे. ज्या घरात लहान मूल किंवा मांजर आहे, तिथे ही नजर विसरून चालत नाही. काम नसते तेव्हा आम्ही मशीनचा प्लग काढून ठेवतो. दार मात्र थोडे उघडे ठेवावे लागते, नाही तर आत ओल राहते, दाराभोवतीच्या रबराला काळी बुरशी धरते आणि धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. म्हणून आम्ही दाराला बाहेरून एक नाडी बांधली आहे. चार बोटांची फट राहते. हवा आत जाते, धाकटा जाऊ शकत नाही. धुणे झाले की त्या रबराची घडी सुती फडक्याने पुसायची. त्या घडीत काय काय सापडते, हे पाहिले तर तुम्ही थक्क व्हाल.

आता खिशांविषयी. 'खिसा' हा मराठी शब्द कुठून आला, माहीत आहे का? तो फारसीतल्या 'कीसा' या शब्दावरून आला. उर्दूतही 'कीसा' आहे. रुमाल आणि चादर हे शब्दही फारसीतले, आणि 'साबण' म्हणजे तुमचा 'साबुन', अरबीतून आलेला. म्हणजे मशीनमध्ये घातलेले अर्धे गाठोडे दोन्ही भाषांचे आहे. तर हे खिसे मशीनमध्ये टाकण्यापूर्वी उलटे करून पाहावे लागतात. नाणी, खिळे, टाचण्या, सेफ्टी पिना, खडूचे तुकडे सगळे त्यांत निघते. कागदाचा रुमाल राहिला, तर काळ्या शेरवानीवर पांढरा पाऊस पडतो.

खिशातून जे सुटते, ते मशीनच्या फिल्टरमध्ये अडकते. समोर खाली एक लहान झाकण असते, त्याच्या आत हा फिल्टर असतो. महिन्यातून एकदा तो साफ करावा. आधी मशीन बंद करून प्लग काढायचा. गरम पाण्याचे धुणे नुकतेच झाले असेल, तर पाणी थंड होऊ द्यायचे. मग खाली पसरट ताट ठेवायचे, कारण आत उरलेले पाणी बाहेर येते. फिल्टर हळूहळू फिरवून काढायचा, नळाखाली धुवायचा आणि परत घट्ट बसवायचा. मागच्या बाजूला, जिथून पाणी मशीनमध्ये येते, तिथेही एक बारीक जाळी असते. टाकीतली वाळू तिथे अडकते. मशीनमध्ये पाणी भरायला फार वेळ लागू लागला, की मिस्त्रीला बोलावण्याआधी ही जाळी पाहावी. आमचा एक फेरा तिने वाचवला आहे.

वीज गेली तर? आमचे मशीन जिथे थांबते, तिथूनच पुढे सुरू होते. दार मात्र उघडत नाही, कारण आत पाणी असते. तेव्हा दार ओढायचे नसते. मला वाटते, मशीन सांभाळण्याचे निम्मे काम म्हणजे असे न ओढणे.

हे सगळे झाले. पण खरी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे.

स्वीडन देशात हान्स रोस्लिंग (१९४८–२०१७) नावाचे एक डॉक्टर आणि प्राध्यापक होऊन गेले. २०१० मध्ये एका भाषणात त्यांनी आपल्या घरातल्या पहिल्या वॉशिंग मशीनची आठवण सांगितली. ते तेव्हा चार वर्षांचे होते. त्यांच्या आजीने आयुष्यभर हाताने कपडे धुतले होते. बटण आपणच दाबणार, असे तिने सांगितले आणि मग ती मशीनसमोर बसून सारे धुणे संपेपर्यंत पाहत राहिली. आणि आईने काय केले? मशीन काम करू लागल्यावर ती लहान हान्सला घेऊन ग्रंथालयात गेली. वाचलेल्या वेळात पुस्तके घरात आली. ही आठवण मी वाचली, तेव्हा मला आमची सतरंजी आठवली.

पण याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. घरात यंत्रे आली, तरी आईचे काम का कमी झाले नाही, हा त्या पुस्तकाचा विषय आहे. यंत्र आल्यावर लोक जास्त स्वच्छतेची अपेक्षा करू लागले. जी कामे पूर्वी घरातली इतर माणसे किंवा बाहेरचे लोक करीत, तीही घरातल्या बाईकडे आली.

हे आमच्या घरी डोळ्यांसमोर घडले. मशीन येण्याआधी माझा मुलगा शाळेची पँट दोन दिवस घालत असे. मशीन आल्यावर तो ती रोज टाकू लागला. मुलगी ओढणी एकदा घेतली की धुवायला टाकी. मीही काही मागे नव्हतो. टॉवेल, पडदे, उशीचे गलेफ, सगळ्यांना एकदम मळ दिसू लागला. कपड्यांचा ढीग दुप्पट झाला. मशीन धूत होते, हे खरे. पण कपडे निवडणे, रंगीत वेगळे काढणे, वाळत घालणे, गोळा करणे, घड्या घालणे हे मशीन करीत नाही. ते अम्मी आणि माझी पत्नी करीत होत्या. दोन महिन्यांनी माझ्या पत्नीने शांतपणे सांगितले, "अम्मींची बोटे सुटली, पण कंबर अडकली."

त्या रात्री जेवणानंतर घरात बैठक झाली. असे ठरले की ज्याचे कपडे, त्याने ते निवडून टोपलीत टाकायचे आणि खिसे त्यानेच पाहायचे. वाळत घालणे माझ्याकडे आले, कारण दोरी उंच आहे. घड्या मुलगी आणि मुलगा आलटून पालटून घालतील. फिल्टर मुलाकडे आला. दोरीवर वाळणारे माझे धोतरासारखे लांब हात गल्लीतल्या लोकांना प्रथम विचित्र वाटले असावेत, एकदोघांनी विचारलेही, "घरी सगळे ठीक आहे ना?"

मुलगा मात्र खूश नव्हता. तो अम्मींना म्हणाला, "दादी, हे तर मुलींचे काम आहे."

अम्मींनी हातातली तसबीह खाली ठेवली. "तुझे दादा कापड विणत होते," त्या म्हणाल्या. "या गल्लीत किती पुरुषांनी कापड विणले, ते मोज. पुरुषांच्या हातांना कापड विणता येते, मग त्याच कापडाची घडी घालताना त्यांना काय होते?"

मुलाने मोजले नाही. पण तो घड्या घालायला बसला. त्याच्या घड्या अजूनही तिरप्या असतात. त्याची आई त्या सरळ करत नाही, आणि ते मला फार आवडते.

ढीग आता पुन्हा लहान झाला आहे. ज्याला आपल्या कपड्यांची घडी स्वतः घालावी लागते, त्याला पँट दुसऱ्या दिवशीही स्वच्छ दिसते. मोठे धुणे आम्ही गुरुवारी संध्याकाळी लावतो, म्हणजे जुम्याच्या दिवशी पांढरे कुर्ते वाळून तयार असतात. जोहरच्या नमाजनंतर अम्मींना तासभर मोकळा मिळतो. आधी त्या वेळी त्या मोरीत असत. आता त्या ओसरीत बसून उर्दू वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. कधी कधी मुलगी त्यांना मराठी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवते आणि दोन्हींत काय वेगळे छापले आहे, यावर दोघींचा वाद होतो.

गेल्या गुरुवारी मशीन चालू असताना अम्मींनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले. "पाणी टाकताना हे घसा खाकरते आहे," त्या म्हणाल्या. मला तर नेहमीचाच आवाज वाटला. धुणे संपल्यावर मुलाने प्लग काढला, ताट आणले आणि फिल्टर फिरवला. आत शेंगदाण्याचे अर्धे टरफल आणि एक निळे बटण होते. बटण त्याच्याच शाळेच्या सदऱ्याचे होते. त्याने ते पुसले आणि सुईदोरा मागायला आईकडे गेला.